बियांच्या चकत्या आणि पायाचं एक बोट

नुसती कृती मी कुणाला देत नाही. कल्याणहून, वाशिंदहून, कधी भातसानगरच्या कॉलनीतून बायका येतात. कुणाच्या नवऱ्याला साखर निघालेली असते, कुणाच्या आईला, कुणाला स्वतःलाच. "सुमनताई, तुमच्या त्या बियांच्या चकत्या कशा करतात तेवढं सांगा," म्हणतात, आणि त्यांना परतीची जीप गाठायची घाई असते. मी त्यांना बसवते, पाणी देते आणि सांगते की कृती मिळेल, पण आधी माझ्या पायाच्या बोटाचं ऐकावं लागेल. काही जणी घड्याळाकडे बघतात. बघू देत. कृती पाच मिनिटांत सांगून होते, पण ती कुठे चुकते हे कळायला मला अख्खा हंगाम लागला होता. ते न ऐकता गेलेली बाई घरी जाऊन नेमकी तीच चूक करते.

आता दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. मी साखरेची पेशंट आहे आणि भाकरी थापणारी बाई आहे, आणि या दोन्ही गोष्टींतलं मला चांगलं कळतं.

चिखल्या

माझं सासर मुरबाडहून जीपने अर्ध्या तासावर. माहेर शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीच्या बाजूचं. दोन्हीकडे भातच. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी, आणि पाहुणा आला तर पुन्हा भात. माझ्या हातच्या भाकरीचं गावात नाव होतं. लग्नघरी हळदीच्या दिवशी चुलीपुढे मलाच बसवायचे, कारण माझी भाकरी तव्यावर पडली की टम्म फुगायची. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे, पण ती खरी आहे.

१९९८च्या पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, घरातल्या आम्ही सगळ्या शेतात होतो. दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, चिरते, आग होते. त्या चिखल्या. सगळ्यांनाच होतात. मेंदी वाटून थापायची आणि सकाळी परत शेतात उतरायचं. माझी धाकटी जाऊ मंदा, तिच्या चिखल्या आठवड्यात सुकल्या. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची चीर मात्र गणपती बसले तरी ओली होती. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी खूश होते. न दुखणं हीच वाईट खूण असते, हे मला फार उशिरा कळलं.

गौरी जेवल्या त्या दिवशी बोटाला वास यायला लागला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, आता मेंदी पुरे, डॉक्टरला दाखव.

मुरबाडचा दिवस

आमचे हे एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी संपवून तसेच स्टँडवर आले आणि मला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बोट बघितलं आणि बोटाचं सोडून भलतंच विचारायला लागले. तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं का? वजन उतरलंय का? मी सगळ्याला हो म्हटलं. मला वाटत होतं हे कामाने होतंय, आणि खरं तर बारीक झाले म्हणून मला बरंच वाटत होतं. त्यांनी रक्त घेतलं. साखर तीनशेच्या वर निघाली.

मी म्हटलं, मी तर चहासुद्धा कमी साखरेचा पिते. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले की ही साखर चहातली नाही, आणि बोटाची हालत चांगली नाही, आजच्या आज कल्याणला न्या.

आमच्या आळीत एक गृहस्थ होते, देवाघरी गेले आता. त्यांचं आधी बोट काढलं होतं, मग चवडा, मग पाय गुडघ्याखाली. तीन पावसाळ्यांत. ओटीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे आणि लोक थांबायचे नाहीत. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला दुसरं काही दिसत नव्हतं. मला भीती वाटली, आणि ती नुसती मरणाची नव्हती. चुलीपुढे उकिडवं बसता येणार नाही, बांधावरून चालता येणार नाही, आपण ओटीवरची बाई होऊ, ही ती भीती होती. बोट गेलं की पुढचं सगळं त्याच्या मागे जातं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

स्टँडवर कल्याणची गाडी लागायची होती. मला घाम फुटला होता, म्हणून ह्यांनी रसवंतीवर नेलं आणि मोठा ग्लास उसाचा रस घेऊन दिला. मी तो सगळा प्यायले. ग्लास खाली ठेवला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. ते कपाळाला हात लावून बाकावर बसले. आज आम्ही या गोष्टीवर हसतो, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

कल्याण

हॉस्पिटलात माझा पलंग खिडकीजवळ होता. सकाळी अंधार असतानाच सिस्टर हाताचं बोट टोचून जायची. मग बिनसाखरेचा चहा, मग इंजेक्शन, मग ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं वाजत यायची आणि सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. माझ्या बोटात चिमटा घालून खरवडायचे आणि मला काही कळायचं नाही. बाजूच्या पलंगावरची बाई ओरडायची तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा.

आमच्या डॉक्टरीणबाई वऱ्हाडातल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला करड्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. औषधं आणि इन्सुलिन त्यांचं काम करतील, पण साखर खाली राहिली तरच जखम भरेल. नाही भरली तर बोट काढावं लागेल, कारण नाही काढलं तर पाय जाईल. भात बंद. तांदळाची भाकरी बंद. दोन वेळच्या जेवणाला एकेक छोटी नाचणीची भाकरी, डाळ, भाजी, अंडं, मासळी चालेल. मधे भूक लागली तर काय, असं मी विचारलं. काकडी खा, म्हणाल्या. कांडप-दळणं केलेल्या बाईची भूक काकडीने भागते असं त्यांना वाटत होतं.

त्या भुकेने मला रडवलं. आजाराने नाही रडले एवढी भुकेने रडले. तेव्हा समोरच्या पलंगावरच्या वाशिंदच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं आणि पुरचुंडीतून मूठभर भोपळ्याच्या बिया नि तीळ दिले, भाजलेले, मीठ लावलेले. त्यांनी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून घेतलं होतं. मी एकेक बी दाताने फोडून खाल्ली. पोटाला आधार मिळाला. पण बिया ही खेळायची वस्तू वाटली मला. दोन छोट्या भाकऱ्यांच्या मधे मला हातात धरून मोडायला काहीतरी हवं होतं. भाकरीचा तुकडा मोडणं हे निम्मं जेवण असतं, ते पोटभर भाकरी सुटल्याशिवाय समजत नाही. त्याच पलंगावर मी ठरवलं की घरी जाऊन या बियांची भाकरी करायची.

घरी

घरी पाठवलं ते अटींवर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, एक दिवसाआड ड्रेसिंग, पाय उशीवर, आणि दर आठवड्याला कल्याणला रक्त दाखवायचं.

इंजेक्शन द्यायला मंदा शिकली. तिचा हात हलका, पण तोंड नाही. भातकापणीचे दिवस आलेले, घरात दोन बायकांचं काम एकटीवर पडलेलं. मी पाय वर करून बसलेली आणि पुढ्यात सुपात बिया. एकदा विळा आपटून म्हणाली, "तुमी बसा बिया निवडत. आमी मरतो शेतात." मीही तोंडाला तोंड दिलं. दोघी दोन दिवस बोललो नाही. इंजेक्शनच्या वेळी ती यायची, सुई टोचायची आणि निघून जायची. तिच्या जागी मी असते तर मीही चिडले असते, हे मला तेव्हाही दिसत होतं, पण तोंडाने म्हणवत नव्हतं.

सासूबाईंचं दुःख वेगळं होतं. आमच्याकडे नवं भात आलं की पहिला भात देवाला दाखवून घरातल्या प्रत्येकाने घासभर खायचा असतो. मी हात जोडले आणि खाल्ला नाही. माझं ताट त्यांनी स्वतः उचललं आणि दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. घरच्या भाताला नाही म्हणणारी सून त्यांच्या सात पिढ्यांत झाली नव्हती. संध्याकाळी शेजारणीला सांगत होत्या की कल्याणवाल्यांनी पोरीचं डोकं फिरवलं.

पहिल्या चकत्या

बिया घरातच होत्या. तीळ होते. माळावर आमची खुरासणी, म्हणजे कारळे, व्हायची, तिच्या काळ्या बारीक बियांचं आम्ही तेल काढायचो. भोपळ्याच्या बिया राख लावून वाळवलेल्या, शेंगदाणे बाजाराचे. ह्यांनी हौसेने कल्याणहून थोडे बदाम आणले. सगळं भाजलं, पाट्यावर जाडसर भरडलं, लसूण-मिरची-जिरं घातलं आणि पाण्यात मळलं. गोळा झालाच नाही. थापायला गेले तर पोळपाटावर नुसता चुरा. तव्यावर टाकलं ते उलथन्याबरोबर विस्कटलं. कण्या गोळा करून चमच्याने खाल्ल्या आणि संतापले. ज्या हाताची भाकरी गावात फुगत होती त्या हाताला साधी चकती जमत नव्हती.

अंडं घालून बघितलं असतं, पण पाट्यावर अंडं सासूबाईंना चालणार नव्हतं. त्या माझी धडपड दोन दिवस लांबून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. जवळ येऊन म्हणाल्या, "पानी घालून काय व्हतं गो. पेज घाल. कसं मिळून येतंय बघ."

रुसवा सोडून त्या आपणहून बोलल्या, याचाच मला केवढा आनंद झाला. पेज घातली. काय सांगू, गोळा असा जमला की लोण्यासारखा. पाटावर पिठी भुरभुरली आणि थापला. सुरेख गोल. वाटीच्या कडेने चकत्या पाडल्या, खापरावर मंद विस्तवावर भाजल्या. गार झाल्यावर कडक. मोडली की कट्कन आवाज. मी पहिली चकती ह्यांना दिली, दुसरी सासूबाईंना, तिसरी मंदाला नेऊन दिली. मंदाने खाल्ली आणि म्हणाली, "आजून हायेत?" आमचं भांडण तिथे मिटलं.

त्या दिवसापासून मी दिवसातून चार वेळा चकत्या खात होते. काकडीची कटकट संपली. आपण हॉस्पिटलवाल्यांनाही शिकवू असं वाटत होतं, इतकी मी फुगले होते.

डबा

साखर उतरली नाही. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात थोडी चढलीच. बोटाचं टोक काळसर दिसायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "सुमनताई, खरं सांगा. भात खाता ना?"

"नाय," मी म्हटलं. "दवाखान्यातून गेल्यापास्नं भाताचं शीत तोंडात नाय."

त्यांचा विश्वास नव्हता. ते मी सोसलं असतं. पण मी ह्यांच्याकडे बघितलं तर ते जमिनीकडे बघत होते. माझ्या नवऱ्यालाही वाटत होतं की मी चोरून खाते. घरच्या नव्या भाताला हात जोडणाऱ्या बाईवर हा आळ. माझं डोकं भणाणलं. पिशवीतून चकत्यांचा डबा काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला. म्हटलं, हे खाते मी, बघा, यात कुठे भात आहे दाखवा. आणि सगळी कृती म्हणून दाखवली. तीळ, खुरासणी, भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे, चार बदाम. भाजायचं, भरडायचं, पेजेत मळायचं, पिठीवर थापायचं.

"पेज म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. वऱ्हाडातल्या बाई, त्यांना कुठली पेज ठाऊक असणार.

मला जरा हसूच आलं. एवढी शिकलेली बाई आणि पेज माहीत नाही. मी समजावून सांगायला लागले. "पेज म्हंजे आमी सकाळी पितो ती. काय नाय हो, पानीच. तांदूळ घ्यायचा, भरडा, नि भरपूर पान्यात शिजवायचा…"

आणि तोंड उघडं ते तसंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "आणि पिठी कशाची?"

ह्यांनीच खाली मान घालून सांगितलं, तांदळाची. मग बाईंनी विचारलं की पेज पिता किती. सकाळी एक वाडगा, शेतावरची माणसं न्याहारीला आली की त्यांच्याबरोबर एक, चक्कर आल्यासारखं वाटलं की मीठ घालून एक. भात सोडला होता ना, म्हणून पेज वाढवली होती. आमच्याकडे पेजेला कुणी जेवण म्हणतच नाही. आजारी माणसाला पेज, बाळंतिणीला पेज, उन्हातून आलेल्याला पेज. ती मोजायची असते हे आमच्या घरात कुणाच्या, अगदी कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

आधी हे हसले. मग डॉक्टरीणबाई. मी मात्र रडत होते, आणि रडता रडता मलाही हसू फुटलं. त्यांनी डब्यातली एक चकती उचलली, वास घेतला. म्हणाल्या की बियांचं तुमचं बरोबर आहे, पेज आणि पिठी काढा आणि मूठभरच खा, कारण बियांनीही वजन चढतं. मग त्यांचा आवाज बदलला. बोटाला आता फार दिवस देता येणार नाहीत. तुळशीची लग्नं झाली की पुढच्या सोमवारी उपाशीपोटी यायचं. तोवर जखमेने मनावर घेतलं तर बघू, नाही तर त्याच दिवशी बोट काढायचं.

घरी येऊन ह्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. "पेज मी सांगितली," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्यासमोर पेज प्यायल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं की तुमची काय चूक, मला तरी कुठे कळलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते गेलं नाही.

पोटीस

पेज बंद केली तशी साखर लगेच हलली. पण चकत्या पुन्हा चुरा. बेसन घालून बघितलं, पण तेही शेवटी पीठच, ते मला नको होतं. नुसत्या पाण्याने जमेना.

भाऊबीजेला माहेरी गेले, जीपमध्ये पाय पिशवीवर ठेवून. माझ्या भावाच्या मानेवर गळू झालेलं. माझी आई चुलीपाशी जवसाचं पोटीस शिजवत होती. जवस कुटून पाण्यात उकळायचे आणि फडक्यात गरम गरम बांधायचे, गळू पिकून फुटतं. तिने पळी वर उचलली आणि मला दिसलं की ते तारेसारखं लोंबतंय. पळीला सोडत नाही. मी पुढे होऊन बोट बुडवलं. बोटाला सोडेना.

"काय करतेस गो, भाजशील," आई ओरडली.

मी म्हटलं, "आय, मला शेरभर जवस बांधून दे." ओवाळून झालं, ताटात भावाने साडी ठेवली, ती विसरून मी जवसाची पिशवी तेवढी आठवणीने घेतली.

घरी आल्या आल्या जवस कुटले, गरम पाणी ओतलं, अर्धा तास झाकून ठेवलं. चिकट, घट्ट. त्यात भाजलेल्या बियांची भरड. गोळा जमला. पिठी तर लावायची नाही, म्हणून पानगीसारखं केलं. केळीच्या पानाला तेलाचं बोट फिरवलं, त्यावर गोळा ठेवला आणि ओल्या हाताने थापला. पीठ नसताना कडा चिरू न देता पातळ थापणं हे कुणाचंही काम नाही, तिथे भाकरीचा हात लागतो. इतक्या वर्षांच्या भाकऱ्या माझ्या तळहातात होत्या, त्या त्या दिवशी कामाला आल्या. पान तव्यावर उलटं घातलं, वाफ धरली की पान सोडवलं, सुरीने चौकटी पाडल्या, विस्तव ओढून घेतला आणि दोन्ही बाजूंनी सावकाश कोरडं होऊ दिलं. घाई केली की बाहेरून करपतात, आतून मऊ राहतात आणि दुसऱ्या दिवशी खवट लागतात.

मंदाने त्यातली एक मोडली. "पेजेच्यापेक्षा ब्येस झाल्यात," म्हणाली. मग पदर खोचून शेजारी बसली आणि पुढचं पान तिने थापलं.

कृती, हवी असणाऱ्यांसाठी

एक वाटी जवस कुटून दीड वाटी कढत पाण्यात भिजवा. एक वाटी तीळ, अर्धी भोपळ्याच्या बिया, अर्धी शेंगदाणे, मिळाली तर मूठभर खुरासणी, परवडले तर बदाम, हे सगळं वेगवेगळं भाजा, कारण प्रत्येक बी वेगळ्या वेळी भाजून होते. भरडा, पीठ करू नका. लसूण, मिरची, जिरं, मीठ. पुढचं वर सांगितलं तसं. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा भाजलेल्या चकत्या चुलीवर टांगलेल्या बांबूच्या जाळीत ठेवा, कडक राहतात. पत्र्याच्या डब्यात भरा.

आणि चकतीने साखर बरी होते असं माझ्या नावावर कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. माझं इन्सुलिन, नंतर गोळ्या, ड्रेसिंग, सगळं चालू होतं आणि गोळ्या आजही चालू आहेत. चकतीने एवढंच केलं की भूक लागली तेव्हा मी भाताकडे गेले नाही. पण तेवढंच तर कुणाला जमत नाही.

सोमवार

त्या सोमवारी मी, हे आणि मंदा पहिल्या गाडीने निघालो. पिशवीत दोन साड्या, टॉवेल, आणि मंदाने न विचारता घातलेला चकत्यांचा डबा. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या, उठल्या नाहीत. मी लांबूनच नमस्कार केला. गाडीत मी सारखी पायाची बोटं हलवून बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. वाकून बघितलं. दिव्याखाली नेऊन बघितलं. सिस्टरकडून चिमटा घेतला आणि जखमेच्या कडेवरची मेलेली कातडी ओढली. मी किंचाळले. खाली लाल रक्त आलं.

"दुखलं?"

"लय दुखलं."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, खालून ताजं मांस येतंय, वेळ लागेल, अजून पुष्कळ ड्रेसिंग लागेल, पण बोट राहील. "आज काही कापायचं नाही. सकाळपासून उपाशी असाल, काहीतरी खा."

मंदाने डबा उघडून पुढे धरला. मी चकती मोडली. तोंडात घास होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला लाज वाटत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी एक खाल्ली, मग सिस्टरने, मग दाराशी थांबलेल्या दोन पेशंटनी. घरच्यासाठी एकही उरली नाही. वॉर्डातल्या बायकांना शिकवायला पुढच्या वेळी जरा लवकर या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि मी येते म्हटलं. मी तेव्हापासून जाते आहे.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात होत्या. ह्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं की बोट राहिलं. मी ओटीवर टेकले तशा त्या जवळ आल्या आणि माझ्या पायाशी वाकल्या. मी पाय ओढून घेतला. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."

त्यांनी पाय मांडीवर घेतला. पट्टीवरून, हलक्या हाताने, एकेक बोट चाचपलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत गेल्या आणि परत करंगळीपर्यंत आल्या. मग मान वर करून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनेनं राखला गो तिचा पाय. सोताच्या हातानं राखला."